कानपेटीतला नवसागर

तेलगावच्या सुंदरराव पाटलांच्या घरात त्या वर्षी एक यंत्र आलं होतं. फसली तेराशे शेहेचाळीसचं, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीसचं साल, निजामाचा अंमल. गावात कंदील होते, शिवणाचं एक यंत्र होतं, पाटलांकडं दोन सेलची बॅटरी होती. पण हे यंत्र वेगळंच होतं. ते ऐकायचं यंत्र होतं.

पाटलांची बायको केसरबाई. सात वर्षांपूर्वी तिला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. अगदी कानाशी येऊन कोणी ओरडलं तर एखादा शब्द कळायचा, बाकी सगळं मुकं. त्याआधी घरातलं, भावकीतलं कुठलंही काम तिच्याशिवाय पुढं सरकत नसे. बायका आपली गाऱ्हाणी घेऊन तिच्याकडंच यायच्या. मग हळूहळू कमी झाल्या. ओरडून ओरडून कोण गाऱ्हाणं सांगणार? आणि ओरडून सांगितलं की ते साऱ्या गल्लीला कळायचं.

तिचा भाऊ उत्तरेश्वर हैदराबादेत वकिली करायचा. त्यानं कुठल्याशा विलायती दुकानातून ते यंत्र आणलं आणि उन्हाळ्यात स्वतः घेऊन आला. काळी पेटी, विड्याच्या डब्याएवढी, छातीवर अडकवायची. तिच्यातून एक दोरीसारखी तार कानाकडं जायची, टोकाला वाटोळी चकती. पेटीतून आणखी दोन तारा एका पितळी डबीत जायच्या आणि त्या डबीत दोन सेल. कानाला चकती लावली की आधी नुसती खरखर, आणि मग त्या खरखरीतून माणसं बोलायला लागायची.

पहिल्या दिवशी केसरबाईनं ती कानपेटी लावली – हे नाव तिचंच – तेव्हा समोर सून उभी होती. वत्सला. तीन वर्षांपूर्वी गेवराईहून लग्न होऊन आलेली. नवरा अर्जुनराव बीडला कचेरीत कारकून, पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. एरवी घरात सासू, सासरे आणि ती.

"आत्याबाई, भाकरी वाढू का?" वत्सलानं विचारलं.

केसरबाई तिच्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "इतकं हळू बोलतीस तू?"

तीन वर्षं तिनं सुनेचं फक्त तोंड पाहिलं होतं. सासूला ऐकू जावं म्हणून वत्सला जीव खाऊन ओरडायची. तिच्या गळ्याच्या शिरा ताठायच्या, कपाळाला आठ्या पडायच्या. केसरबाईला आवाज कळायचा नाही, आठ्या तेवढ्या दिसायच्या. पोरगी तापट आहे, तोंडाळ आहे, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. आणि आता हा आवाज. पाण्यात पान पडावं तसा.

दोन महिने चांगले गेले. बायका पुन्हा ओसरीवर यायला लागल्या. सासू-सून दोघी निवडण-टिपण करत बोलत बसायच्या. तीन वर्षांचं बोलणं साचलं होतं.

श्रावणात धारूरहून निरोप आला, केसरबाईची बहीण बायनाबाई आजारी आहे म्हणून. केसरबाई निघाली. घाटात पाऊस लागलेला, गाडीवर नुसतं गोणपाट. कानपेटी भिजेल म्हणून तिनं ती घरीच ठेवली, सुनेच्या हातात दिली आणि म्हणाली, "नीट ठेव बरं. जीव हाय माझा तिच्यात."

वत्सलानं नीटच ठेवली. धुतलेल्या लुगड्याच्या घडीत गुंडाळली, लाकडी संदुकीच्या तळाशी ठेवली, वरून कुलूप घातलं. डबीतले सेल काढून ठेवायचे असतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. यंत्राबरोबर एक छापील कागद आला होता, पण तो इंग्रजीत.

सव्वा महिना झाला. बहिणीला उतार पडला, केसरबाई चार दिवसांत येणार असं कळलं. वत्सलानं संदूक उघडली. लुगड्याला तपकिरी चिकट डाग पडला होता. पितळी डबी उघडेना. उघडली तेव्हा आत सेलच्या जस्ताला भोकं पडलेली, त्यांतून काळा मसाला आणि चिकट पाणी बाहेर आलेलं. डबीच्या कडांना पांढरी भुकटी साठली होती आणि जिथं पितळ होतं तिथं हिरवंगार झालं होतं, पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ चढावं तसं. सेलला दाबून धरणारी लोखंडी स्प्रिंग बोट लावताच तुटून पडली.

घरात सासरे नव्हते. वत्सलानं दार लावून घेतलं आणि तिला जे ठाऊक होतं ते केलं. हिरवं पडलेल्या तांब्याला काय लावतात? चिंच. तिनं चिंचेचा कोळ घेतला आणि डबी आतून बाहेरून घासली. पितळ लख्ख झालं. तिचा जीव भांड्यात पडला. पाणी लागून यंत्र आणखी बिघडायला नको म्हणून तिनं ते धुतलं नाही, नुसतं फडक्यानं पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर डबी आधीपेक्षा हिरवी.

केसरबाई आली. हातपाय धुवून पहिल्यांदा तिनं कानपेटीच मागितली. वत्सलानं ती आणून तिच्या पुढ्यात ठेवली आणि उभी राहिली. केसरबाईनं डबी पाहिली, बोटानं ती हिरवी भुकटी चाचपली. चकती कानाला लावून बसली, थोडा वेळ तशीच. मग सगळं पुन्हा फडक्यात बांधून तिनं कोनाड्यात ठेवलं.

"सेलचीच चीज ती, सडली," सुंदरराव म्हणाले. "मुंबईला धाडावी लागंल. जायला दोन महिने, यायला दोन महिने, आन् दुरुस्त होईल का न्हाई कुणाला ठावं. ठेवा तशीच."

चिंचेचं वत्सलानं कोणालाच सांगितलं नाही. संध्याकाळी तिनं सासूच्या कानाशी जाऊन "भाकरी वाढू का?" असं ओरडून विचारलं, तेव्हा केसरबाईनं तिच्या तोंडाकडं न बघता नुसती मान हलवली.

ओसरीवरच्या बायका पुन्हा कमी झाल्या.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस छबुबाई कल्हईवाली गावात आली. दर वर्षी यायची. धारूरची. आधी तिचा नवरा सुग्रीव कल्हई करायचा आणि ती भाता ओढायची. पण सुग्रीवच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला, तेव्हा दोघांनी जागा बदलल्या. आता तो भाता ओढायचा आणि ती कल्हई करायची. सुरुवातीला लोक हसले. मग तिची भांडी सहा महिने चकाकतात असं दिसलं आणि हसणं थांबलं.

पाटलांच्या अंगणात तिनं खड्डा खणला, भाता लावला, कोळसे फुलवले. वत्सला घरातली पातेली, परात, तपेली आणून देत होती. छबुबाईनं पातेलं तापवलं, कथलाची कांडी फिरवली, मग एका डबीतून चिमूटभर पांढरी पूड टाकली. फस्सकन पांढरा धूर उठला. कापसाच्या बोळ्यानं तिनं पातेलं पुसलं आणि ते आतून आरशासारखं झालं.

वत्सला त्या पांढऱ्या पुडीकडं बघत राहिली. पांढरी, जराशी ओलसर, खड्याखड्यांची.

"मावशी, हे काय टाकता तुमी?"

"नवसागर. ह्याच्याबिगर कथील धरत न्हाई."

"आन् हे पितळावर तसंच ऱ्हायलं तर?"

"तसंच कशाला ऱ्हाऊ द्यायचं?" छबुबाई हसली. "ऱ्हायलं तर भांडं हिरवं होतंय. खाऊन टाकतंय ते. म्हणून तर कल्हई झाली की भांडं लगेच धुवायचं."

वत्सला धावत आत गेली. कोनाड्यातलं फडकं उचलून तिनं अंगणात आणलं आणि डबी छबुबाईपुढं धरली. "मावशी, हे बघा. हे तसलंच दिसतंय का?"

छबुबाईनं नखानं थोडी पांढरी भुकटी खरवडून तळहातावर घेतली. कमरेची चंची सोडली, त्यातून पानाला लावायचा चुना बोटावर घेतला, भुकटीत कालवला, दोन्ही तळहात घासले आणि नाकाजवळ नेले. तिचं डोकं झटक्यानं मागं गेलं. डोळ्यांत पाणी आलं.

"नवसागरच हाय, बाई!" ती ओरडली. "चुना लावला की असाच झोंबतो. दुसरं काई न्हाई. ह्या सेलात नवसागर भरलाय!"

तोवर केसरबाई ओसरीवर येऊन उभी राहिली होती. काय चाललंय ते तिला कळेना. छबुबाई उठली, तिच्याजवळ गेली आणि आपला तळहात तिच्या नाकापुढं धरला. केसरबाईनं हुंगलं, ठसका लागला, शिंक आली, दुसरी शिंक आली. तिनं छबुबाईच्या हाताकडं, मग नवसागराच्या डबीकडं, मग आपल्या पितळी डबीकडं पाहिलं. आणि तिच्या चेहऱ्यावर कळल्याचं हसू पसरलं. कानपेटी मुकी झाल्यापासून पहिल्यांदाच.

"मग हे साफ होतंय का?" वत्सलानं विचारलं.

"विजेचं मला काई कळत न्हाई," छबुबाई म्हणाली. "तांब्यापितळाचं कळतंय. पितळाचं जेवढं हाय तेवढं मी करीन."

सुंदरराव बाहेरून आले ते नेमके याच वेळी. "अरे, हैदराबादेहून आणलेली चीज ती! आन् तुमी ती भट्टीवर ठेवणार? काई न्हाई. द्या ती इकडं."

ते काय म्हणाले हे केसरबाईला ऐकू आलं नाही, पण हात पुढं केलेला दिसला. ती ओसरीवरून खाली उतरली. तिनं डबी उचलली आणि पाटलांच्या हातात न देता छबुबाईच्या मांडीवर ठेवली. वर छबुबाईची बोटं डबीभोवती मिटवली. पाटील घोंगडीवर जाऊन बसले.

छबुबाईनं आधी डबी नीट निरखली. तिची भुवई चढली. "हिला आंबट कुणी लावलंय?"

वत्सलानं हातातली परात खाली ठेवली.

"चिंच लावलीय कुणीतरी. हे बघा, कोपऱ्यात कोळ वाळलाय. चिंच भांड्याला ठीक हाय, कारण भांडं तुमी नंतर घागरभर पाण्यानं धुता. हिला धुतलंच न्हाई. नवसागर आतच ऱ्हायला, वर आंबट बसलं. पितळ दुप्पट खाल्लं."

सुंदररावांनी सुनेकडं बघितलं. वत्सलाची मान खाली गेली. "मी लावली," ती पुटपुटली. "वाटलं, साफ होईल."

पाटील काहीतरी बोलणार होते. केसरबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत होती, तिला एक अक्षर कळलं नव्हतं. पाटलांनी तिच्याकडं बघितलं आणि तोंडातला शब्द गिळला.

डबी तारेपासून सोडवावी लागणार होती. कुठली तार कुठं होती हे विसरू नये म्हणून वत्सलानं एका तारेला तांबडा दोरा बांधला आणि डबीच्या त्याच बाजूला कुंकवाचा ठिपका दिला. छबुबाईनं चुलीतली राख मागवली, ती पाण्यात कालवली, पाणी निवळू दिलं. राखेची निवळी आंबट मारते, असं ती म्हणाली. त्या निवळीत डबी घटकाभर बुडवून ठेवली. बाहेर काढून काथ्यानं कोपरान्‌कोपरा घासला, मग साध्या पाण्यानं तीनदा धुतली, मग गरम राखेच्या कडेला वाळत ठेवली. वाळली तेव्हा हिरवं गेलं होतं, पण पितळावर बारीक बारीक खड्डे पडलेले दिसत होते.

"हे खड्डे ऱ्हायले तर पुन्यांदा हिरवं धरंल," छबुबाई म्हणाली आणि जिथं सेल टेकतात तिथं तिनं कथलाचा पातळ हात दिला. नवसागर घेतला तो मोहरीएवढा. दिल्याबरोबर धुतला, पुन्हा धुतला.

तुटलेल्या स्प्रिंगचं काय करायचं? सुग्रीवनं भाता थांबवला आणि म्हणाला, "कंदिलाचं जुनं तोंड असंल का? त्याचं पितळ पातळ असतंय, दाबलं तर परत उठतंय." डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण त्याच्या हातांना धातू ठाऊक होता. वत्सलानं अडगळीतून एक फुटका बर्नर शोधून आणला. छबुबाईनं कातरीनं त्याची पट्टी कापली, कमानीसारखी वाकवली, डबीत बसवली.

आता सेल हवे होते. बीडहून यायचे तर अर्जुनराव यायची वाट बघावी लागली असती.

सुंदरराव उठले. आत गेले आणि आपल्या बॅटरीतले दोन्ही सेल काढून घेऊन आले. "हे घ्या," म्हणाले. "बघा बसत्यात का."

बसले. तारा जोडल्या. केसरबाईनं पेटी छातीवर अडकवली, चकती कानाला लावली. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

तिनं मान हलवली. काही नाही. खरखरसुद्धा नाही.

पाटील निःश्वास टाकून पुन्हा घोंगडीवर बसले. छबुबाई डबीकडं बघत राहिली. "माझं काम तर बरोबर झालंय," ती स्वतःशीच म्हणाली.

वत्सलानं सगळं पुन्हा हातात घेतलं. डबी चकचकीत होती, पट्टी सेलला घट्ट टेकली होती. मग राहिलं काय? तिची बोटं तारेवरून फिरली. तारेवर रेशमी दोऱ्याचं वेष्टन होतं. टोकाशी ते वेष्टन जरा फुगलेलं वाटलं. तिनं सुईनं ते उसवलं. आतलं तांबं काळंहिरवं झालं होतं.

"मावशी, हे आतबी शिरलंय!"

"काप," छबुबाई म्हणाली. "तांबडं तांबं दिसंस्तोवर काप."

बोटभर तार कापली, तरी हिरवंच. आणखी एक बोट. तार आखूड होत चालली. तिसऱ्या वेळी कातर फिरली आणि आत लालसर, नवं कोरं तांबं चमकलं. तिनं दुसऱ्या तारेचंही तसंच केलं, टोकं पिळली, तांबडा दोरा बघून जागच्या जागी आवळली.

केसरबाईनं चकती कानाला लावली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ती दचकली. तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"हे भस्स भस्स काय वाजतंय?"

सुग्रीव हसायला लागला. भट्टी विझू नये म्हणून तो मघापासून भाता हलकेच ओढत होता.

मग सगळेच एकदम बोलायला लागले. केसरबाईनं दोन्ही हात वर केले, "एकेक जण बोला रं, एकेक जण!" सुंदररावांनी आधी घसा खाकरला आणि मग नुसतंच "ऐकू येतंय का?" असं विचारलं. केसरबाई म्हणाली, "येतंय की. आवाज बारीक झालाय जरा, पण येतंय." छबुबाईनं वत्सलाला बजावलं, वापरून झालं की सेल रोज काढून ठेवायचे, डबी कोरड्या फडक्यानं पुसायची, पांढरं दिसलं की लगेच राखेच्या पाण्यानं धुवायची. मग ती उरलेल्या पातेल्यांकडं वळली. पाटलांनी तिला त्या दिवशी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

दुपारी जेवणं झाली. ओसरीवर दोघीच होत्या. केसरबाई शेंगा फोडत बसली होती. वत्सला तिच्यापुढं येऊन बसली. चिंचेचं सासूला कोणी सांगितलं नव्हतं, पाटलांनीही नाही. वत्सलानंही सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "पेटी माझ्यामुळं लई बिघडली. सेल काढून ठेवायचे असत्यात ते ठावं नव्हतं. पण नंतर मी चिंच लावली. आन् मग तुमाला सांगितलं न्हाई. भीती वाटली."

केसरबाईचा हात शेंगांवर थांबला.

"तुला वाटलं, म्हातारी काय म्हणंल."

"हां."

केसरबाईनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "मीबी एक केलंय. तुझं लगीन झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी गेवराईची एक बाई आलती गावात. तिच्या हातून तुझ्या आईला निरोप धाडला मी. म्हटलं, पोरगी लई तोंडाळ हाय, दिसभर वरडती, काई वळण लावलं न्हाई तुमी."

वत्सला थक्क होऊन बघत राहिली. मागल्या दिवाळीला आई का आली नाही, भाऊ भाऊबीजेला का थांबला नाही, तिला कधी कळलं नव्हतं.

"मला काय ठावं, तू माझ्यासाठी वरडतीस," केसरबाई म्हणाली. "मला नुसत्या आठ्या दिसायच्या, पोरी."

वत्सलाला रडू आलं. केसरबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदररावांनी गेवराईच्या बाजारला जाणाऱ्या गड्याला बोलावलं. निरोप केसरबाईनं स्वतः सांगितला, आणि गड्याकडून दोनदा म्हणवून घेतला, शब्द चुकू नये म्हणून. "विहीणबाईंना सांग, तोंडाळ मीच निघाले. तुमची पोरगी गुणाची हाय. दसऱ्याला सोनं द्यायला या, आन् आठ दिस ऱ्हायच्या तयारीनं या."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऊन उतरता उतरता वेशीतून एक छकडा आला. वत्सलाची आई खाली उतरली, पदर सावरत, जराशी अवघडून. विहीणबाईला ऐकू येत नाही हे ठाऊक असल्यामुळं तिनं दारातूनच मोठा श्वास घेतला आणि ओरडायला तोंड उघडलं.

केसरबाई हसत पुढं झाली आणि तिचा हात धरला. "सावकाश बोला, विहीणबाई," ती म्हणाली. "घाई न्हाई. आज मी सगळं ऐकणार हाय."